सगळ्यांना पुस्तक आणि मला भात

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मी एक वाक्य बोलले आणि त्याची शिक्षा पुढे एकावन्न वर्षं भोगली. वाक्य चार शब्दांचं होतं. "हे मी वाचलंय हो." साफ खोटं होतं. मी तेव्हा बावीस वर्षांची, अलिबागहून बी.ए. होऊन आलेली, आणि आपल्याइतकं वाचलेली मुलगी रेवसपासून मुरूडपर्यंत दुसरी नाही अशी माझी स्वतःबद्दल पक्की समजूत. वाचलं होतं किती, तर कॉलेजच्या तीन वर्षांत साडेतीन कादंबऱ्या. चौथीची उरलेली अर्धी मैत्रिणीनं परत मागून नेली. तर अशी ही विदुषी चौलात सासरच्या ओटीवर नव्या साडीत घामाघूम होऊन बसली असताना माहेरीच राहिलेल्या थोरल्या नणंदबाईंनी, म्हणजे वन्संनी, तिच्या हातात एक जाडजूड ग्रंथ ठेवला. चौल बंदराच्या जुन्या व्यापाराचा इतिहास. "बघ, आवडेल तुला," म्हणाल्या. गप्प घ्यावा की नाही? पण नाही. मी मान वेळावून ते वाक्य बोलले. वन्संनी विचारलं, "हो का? कसं वाटलं?" मी म्हटलं, "छान आहे. शेवट मात्र मनाला फार चटका लावून जातो." वन्संनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, पुस्तक परत घेतलं आणि म्हणाल्या, "मग राहू दे." पुढे सहा वर्षांनी, मुलगा शाळेत जायला लागल्यावर, मी तो ग्रंथ चोरून उघडला. शेवटी सतरा पानं नुसती सूची होती. कुठल्या गलबतातून कुठलं कापड गेलं आणि कुठला मसाला आला त्याची. मनाला चटका लावण्यासारखं त्यात काळ्या मिऱ्यांखेरीज काही नव्हतं.

तेव्हापासून वन्संनी मला एकही पुस्तक सुचवलेलं नाही. एकही! आणि या बाईनं पुस्तक दिलं नाही असा दुसरा माणूस तुम्ही चौल ते रेवदंडा शोधून दाखवा, मी त्याला जिताड्याचं, म्हणजे आमच्याकडच्या मानाच्या माशाचं, जेवण घालते. बत्तीस वर्षं त्यांनी गावचं वाचनालय सांभाळलं. निवृत्त झाल्या म्हणजे काय झालं, तर तिथलं कुलूप दुसरं कुणी लावायला लागलं, इतकंच. पुस्तकं सुचवण्यातून त्यांना निवृत्त करणारा अजून जन्मायचा आहे. एसटीचा कंडक्टर, पोफळीवर चढणारा गडी, पाण्याची टाकी धुवायला आलेला माणूस, मतदार यादी घेऊन दारोदार फिरणाऱ्या बाई, सगळ्यांना पुस्तक. त्या मतदार यादीवाल्या बाई आमच्याकडे माणसं मोजायला आल्या होत्या. जाताना त्यांच्या पिशवीत मध्ययुगीन आरमारावरचा ग्रंथ होता आणि आमच्या घरातली माणसं मोजायची राहून गेली होती. दुसऱ्या दिवशी परत आल्या बिचाऱ्या.

आणि मागितलेलं पुस्तक द्यायचं नाही हा तर नेमच. कुणी म्हणालं, "आत्याबाई, एखादी प्रेमाची कादंबरी द्या," की वन्सं त्याला वेढ्यांचा इतिहास काढून देणार. कुणी इतिहास मागितला की त्याच्या हातात विहिरीवर भांडणाऱ्या दोन जावांची कादंबरी. समोरचा कुरकुरला तर शांतपणे म्हणतात, "तुला काय हवंय ते तू सांगितलंस ना? आता काय द्यायचं ते मला बघू दे." अहो, हे काय वाचनालय आहे की वैद्याचा दवाखाना? पडवीत त्यांची तीन फडताळं आहेत. पहिल्यावर खडूनं लिहिलंय, 'घडलेलं'. दुसऱ्यावर, 'घडू शकलं असतं'. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं फडताळ तिसरं. त्यावर लिहिलंय, 'घडलेलं, पण हे कुठं बघायला गेले होते?' एका प्राध्यापकांनी एकदा सौम्यपणे सुचवलं की ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरणाची एक पद्धत असते. वन्संनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि चहासोबत एक भुताची कादंबरी दिली. प्राध्यापक गेल्यावर मला म्हणाल्या, "फार दिवसांत घाबरलेले नाहीत ते."

पण खरा संताप पुढेच आहे. कुणाला काय द्यायचं हे वन्सं ठरवतात कशावरून? तर माणूस मासे कसे खातो त्यावरून. आणि ते मासे रांधतं कोण? मी! आमच्या वाडीतल्या दोन खोल्या गेली बारा वर्षं आम्ही पर्यटकांना देतो. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं येतात, समुद्रात भिजतात आणि भुकेनं कासावीस होऊन पानावर बसतात. मी चुलीशी उभी राहून घामाच्या धारा पुसत वाढते आणि वन्सं समोर खुर्ची टाकून, मांडीवर हात ठेवून, प्रत्येकाच्या ताटाकडे टक लावून बघतात. लोकांना वाटतं, म्हातारी किती मायेनं विचारपूस करतेय! माया कसली, चाचणी चालू असते. फक्त पापलेटच मागतो, त्याला सरळ रेषेत जाणारी कादंबरी. मध्ये एकच काटा, तोही लांबून दिसणारा. मांदेली डोक्यासकट कुडुम कुडुम खातो, त्याला लढायांचा इतिहास, कारण हा माणूस तपशिलाला भीत नाही. कालवणाचा भात आधी संपवून तळलेला तुकडा शेवटाला राखून ठेवणाऱ्याला रहस्यकथा. आणि कर्ली! कर्लीत काटे किती असतात ते खाणाऱ्यालाच ठाऊक. ती जो न बोलता, न खोकता, एकेक काटा काढून ताटाच्या कडेला ओळीनं मांडतो, त्याच्याकडे वन्सं नव्या जावयाकडे बघावं तशा बघतात. "हा तळटिपासुद्धा वाचणार," असं मला स्वयंपाकघरात येऊन कुजबुजतात आणि सहाशे पानी इतिहास काढतात. शाकाहारी पाहुणे आले की त्यांची पंचाईत होते, पण हार मानत नाहीत. मला सांगतात, "शेवग्याच्या शेंगा कर." मग ते शेंग कशी चोखतात आणि चोथ्याचं काय करतात ते बघत बसतात.

एकदा पुण्याचे एक डॉक्टर आणि त्यांची बायको आली होती. डॉक्टरांना दुसऱ्या दिवशी कोर्लईचा किल्ला बघायचा होता, म्हणून त्यांनी पोर्तुगीजांच्या इतिहासावर काहीतरी मागितलं. वन्संनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं. डॉक्टरांनी सुरमईच्या तुकडीचा मधला भाग खाल्ला होता आणि कडेचा तसाच टाकला होता. त्यांना मिळाली परसात भाजी लावून दिवस काढणाऱ्या एका विधवेची कादंबरी. बायकोनं तुकडी पांढरी स्वच्छ करून कणा बाजूला ठेवला होता. पोर्तुगीज तिला मिळाले. डॉक्टर लालबुंद झाले. "काकू, मी मागितलं होतं ते!" वन्सं म्हणाल्या, "हो ना. पण कडेचं न खाणाऱ्याला इतिहास पचत नाही. तो सगळा कडेलाच असतो." पाहुणे अशानं टिकतील का? मी त्या रात्रीचं सोलकढीचं भांडं आपटून ठेवलं. डॉक्टर चार महिन्यांनी परत आले, कादंबरी वन्संच्या हातात देत म्हणाले, "तिची पडवळं लागली का हो पुढं? दुसरा भाग आहे का?" मी भांडं पुन्हा आपटलं. या वेळी वन्सं बरोबर ठरल्याच्या रागानं.

आताच्या तरुण मुलांचं तर आणखी निराळं. आल्या आल्या पहिला प्रश्न, "आजी, वायफायचा पासवर्ड काय?" हा पासवर्ड वन्सं तोंडानं सांगत नाहीत. त्या प्रत्येकाच्या पुस्तकात कुठंतरी समासात, पेन्सिलीनं, बारीक अक्षरात लिहून ठेवतात. कादंबरीत साधारण चाळिसाव्या पानाच्या आसपास. इतिहासात शंभराच्या पुढे, कारण त्यांच्या मते त्याआधी लेखक नुसता खाकरत असतो. मुलं पुस्तक उलटं धरून झटकतात, पानं भराभर चाळतात, एकमेकांची पुस्तकं हिसकावतात, आणि त्या गडबडीत एखादं वाचायलाच लागतं. माझ्या नातीनं मला फोनवर लोकांचे अभिप्राय वाचून दाखवले. एकानं लिहिलं होतं, "जेवण अप्रतिम. समुद्र जवळ. पुस्तक टाळता येत नाही." जेवण अप्रतिम हे एकदाच आणि पुस्तकाबद्दल खाली दहा जणांनी आपापली कहाणी लिहिलेली! रांधायचं मी आणि प्रसिद्धी यांची.

आमच्याकडे म्हावरं घेऊन येणारी कोळीण आहे, तिला मी बाय म्हणते, तीही मला बायच म्हणते. ती चष्मा लावून वाचते, पाटी उतरवली की आधी पुस्तक, मग बोंबील. एकदा पाटीतून तिनं एक जाड ऐतिहासिक कादंबरी काढून पायरीवर आदळली. "ताई, तुजा ह्यो राजा मना नको. दर पुस्तकात मरतो! मी आठ दिस त्याच्यासंगती घोड्यावर बसायचा नि त्यानं मरायचा? कोनतरी जिता देस का मना?" वन्सं म्हणाल्या, "अगो, इतिहासात सगळेच मरतात." ती म्हणाली, "मंग इतिहास नको. कादंबरी दे. कादंबरीत लिवनाऱ्याच्या हातात असतंय ना?" वन्सं एवढ्या खूश झाल्या की दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला हे वाक्य ऐकवत होत्या. मी तिथंच उभी होते. माझ्या हातात पातेलं होतं. मी म्हटलं, "वन्सं, मलाही एखादं द्या ना." त्या म्हणाल्या, "तुला काय, तू वाचलेलंच असेल."

हे वाक्य! एकावन्न वर्षं हे वाक्य! मी किती उपाय केले म्हणून सांगू? कर्ली आणवून वन्संच्या समोर बसून खाल्ली. एकेक काटा काढून ताटाच्या कडेला असा मांडला की ती रांगोळी वाटावी. वन्संनी पाहिलं आणि म्हणाल्या, "भात घे." माझ्या यजमानांना, म्हणजे त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाला, दर महिन्याला कामासाठी मुंबईला निघाले की नवं पुस्तक, ते तिथं उशाखाली ठेवून झोपत. माझ्या मुलाला नोकरी लागून गाव सोडताना तीन पुस्तकं. सूनबाईला तर हळद उतरायच्या आत. मग मी काय केलं, तर लोकांनी परत आणलेली पुस्तकं फडताळात जायच्या आधी पळवायला लागले. डॉक्टरांची विधवा मी वाचली, बायचे मेलेले सगळे राजे वाचले, मतदार यादीवाल्या बाईंचं आरमार वाचलं. दुसऱ्यांच्या पानातलं उरलेलं खाऊन माझं पोट भरलं, आणि खरं सांगायचं तर भरपूर भरलं. पण ते माझ्यासाठी कुणी वाढलेलं नव्हतं ना!

पलीकडच्या वाडीतले भाऊ गेले तेव्हा वन्सं चौथ्या दिवशी त्यांच्या बायकोला भेटायला गेल्या आणि एक रहस्यकथा देऊन आल्या. पाच खून असलेली! अख्ख्या आळीनं तोंडावर हात ठेवला. मी तर लाजेनं आठ दिवस त्या बाजूला फिरकले नाही. नंतर ती बाई मला देवळात भेटली, म्हणाली, "तुमच्या वन्सं आल्या नसत्या तर वेड लागलं असतं मला. लोक येत नि रडून जात. मी आपली मनात तिसरा खून कुणी केला ते शोधत बसायची." पुढे तीन वर्षांनी आमचे हे गेले. मी मनात म्हटलं, आता तरी. आता तरी ही बाई माझ्यासाठी एखादं पुस्तक काढील. खुनाचं दे, वेढ्याचं दे, काहीही दे. पण छे. वन्सं रोज सकाळी भिजवलेल्या वालाचं पातेलं घेऊन माझ्याजवळ येऊन बसायच्या आणि आम्ही दोघी वाल सोलायचो. त्यांचा भाऊ, माझा नवरा. तेरा दिवस वाल. एवढं बिरडं खाणार कोण होतं? पुस्तक मात्र नाही ते नाहीच. मी तेव्हा दुःखात होते, तरी या गोष्टीचा राग मला वेगळा, स्वच्छ आठवतो.

आता हे मी नाशकात, मुलाच्या घरी, चौथ्या मजल्यावर बसून लिहितेय. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. चालते, पण वॉकर धरून. वाडीतल्या पायऱ्या, चुलीशी उभं राहणं, हे आता जमणार नाही असं मुलाचं म्हणणं. किती दिवस राहायचं असं विचारलं की तो म्हणतो, "बघू." मी वाचक आहे, 'बघू' म्हणजे काय ते मला कळतं. इथं मासा बर्फातून येतो आणि चोख साफ करून पिशवीत मिळतो, एक काटा सापडत नाही. कोण कसा खातो ते बघायला समोर कुणी बसतही नाही. चौलात वन्संना दोन वेळचं करून घालायला शेजारची सून येते. पाहुण्यांच्या खोल्या बंद आहेत. वन्सं ऐंशी वर्षांच्या आहेत, नाशकात या म्हटलं तर म्हणाल्या, "आणि पुस्तकं परत करायला लोक येतील ते काय कुलूप बघून जातील?"

निघायच्या दिवशीचं सांगते आणि थांबते. मुलानं गाडी पाठवली होती. ड्रायव्हर सकाळी अकराला आला, नाशिककडचा, कधी समुद्र न पाहिलेला पोरगेला माणूस. जेवल्याशिवाय कसा पाठवायचा, म्हणून शेजारच्या सुनेनं त्याला मांदेली तळून वाढली. वन्सं खुर्ची ओढून समोर बसल्या. मी बॅगा बांधून ओटीवर बसले होते, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून, या घरातून पहिल्यांदाच परतीचा दिवस न ठरवता निघालेली. त्या माणसानं मांदेली डोक्यासकट खाल्ली. वन्संचे डोळे चमकले. उठल्या, पडवीत गेल्या आणि एक लढायांचा इतिहास आणून त्याच्या ताटाशेजारी ठेवला. "घाटात चहाला थांबशील तेव्हा वाच. परत इकडे भाडं मिळालं की आणून दे."

माझा तोल गेला. एकावन्न वर्षांचा राग म्हणजे काय, तो एकदम वर आला. मी म्हटलं, "वन्सं! हा माणूस तासाभरापूर्वी या दारात आला. तासाभरापूर्वी! आणि मी? मी जन्म काढला इथं. एवढ्या माणसांना रांधून वाढलं, तुमच्या चाचण्यांना मासे पुरवले, आणि मला एक पुस्तक नाही? जाता जातासुद्धा नाही?" ड्रायव्हर बोटं चाटायचं थांबवून बघत राहिला. शेजारची सून आत पळाली. आणि मग, का कोण जाणे, माझ्या तोंडून तेही निघून गेलं. "नव्हतं वाचलं मी ते! ते बंदराचं पुस्तक. खोटं बोलले होते मी. बावीस वर्षांची होते, अक्कल नव्हती. तुमच्यापुढे अडाणी ठरायचं नव्हतं मला. झालं समाधान?"

वन्सं वळल्या. सावकाश, भिंतीला हात लावत, आत गेल्या. पडवीत नाही, त्यांच्या खोलीत. बराच वेळ आल्या नाहीत. मला वाटलं, दुखावल्या. जाता जाता हे काय करून बसले मी, असं वाटून मी उठायला लागले, तर गुडघा उठू देईना. मग त्या आल्या. हातात एक पुस्तक होतं, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं, चारी कोपरे नीट दुमडलेले. कव्हर आजचं नव्हतं, कागद पिवळा पडला होता. ते कोणतं पुस्तक आहे, घडलेलं की घडू शकलं असतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. मुलालाही सांगितलेलं नाही. मला फार थांबून मिळालंय ते, आणि मी रोज चारच पानं वाचते.

त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं, साडीचा पदर माझ्या खांद्यावर सारखा केला, लग्नानंतर तिसऱ्या दिवशी केला असेल तसा, आणि म्हणाल्या, "खोटं बोललीस ते मला तेव्हाच कळलं होतं गो. ज्यानं परत यावं असं वाटतं त्याला मी पुस्तक देते. तू कुठं जात होतीस? आता चाललीस, तर हे घे. आणि वाचून झालं नाही तरी आणून दे."